तुमच्या मागे मी हं

"पहिल्यांदाच का?" टेबलामागच्या बाईंनी माझं कार्ड यंत्राखाली धरत विचारलं, आणि मी पटकन म्हणाले, "नाही."

एवढंच. त्यांनी सहीसाठी टॅबलेट पुढे सरकवला, मी सही केली, विषय संपला. पण ते ‘नाही’ दाढेत अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखं तिथेच राहिलंय, जीभ सारखी तिकडे जाते. कारण ती पहिलीच वेळ होती. अमेरिकेची नागरिक होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं आणि या देशातलं माझं हे पहिलं मत. त्याआधी पाचच मिनिटांपूर्वी शेजारच्या टेबलावर एका कोवळ्या पोराने याच प्रश्नाला ‘हो’ म्हटलं होतं, तर तिथल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "फर्स्ट टाइम व्होटर!" बरेच ठिकाणी ही पद्धत आहे म्हणे. बास्केटबॉलचं ते मैदान टाळ्यांनी दणाणलं. पोराच्या मास्कवरचे कान लाल झाले. टाळ्या मीही वाजवल्या, चांगल्या जोरात. आणि मग माझा नंबर आला.

लाजले म्हणावं, तर पन्नाशीच्या बाईला टाळ्यांची कसली लाज. आणि त्या आवाराबाहेर मी सहा तास चाळीस मिनिटं उभी होते. त्या हिशेबाने एक टाळी मला परवडली असती.

तारीख १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. अटलांटाच्या उत्तरेला आमचं गाव. कोलंबसच्या नावाची सुट्टी होती आणि जॉर्जियात अर्ली व्होटिंगचा पहिला दिवस. ‘आगाऊ मतदान’ असं मी आदल्या दिवशी फोनवर अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "आगाऊपणाच तो. तारीख ठरलेली असताना आधी कशाला?" मी त्यांना सांगितलं की इथे मतदानाचा दिवस म्हणजे नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हे १८४५ साली ठरवलेलं आहे, शेतकऱ्यांना रविवारी चर्च आणि पुढे बाजार सांभाळून बग्गीतून गावात येता यावं म्हणून. आता बग्गी गेली, मंगळवार राहिला, आणि त्या मंगळवारी इथे देशभर सुट्टी नसते. म्हणून मग आधीचे काही आठवडे केंद्रं उघडी. अण्णा जरा थांबून म्हणाले, "म्हणजे पेट्या तीन आठवडे सांभाळायच्या? रात्री कोण झोपतं तिथे?" अण्णांचे प्रश्न नेहमी आतल्या बाजूचे असतात. ते का, ते पुढे सांगते.

सकाळी सव्वासातला पोचले तर रांग इमारतीला वळसा घालून, गाड्यांच्या जागेतून, टेनिस कोर्टाच्या कुंपणाला लागून पार मागच्या झाडीत शिरली होती. शनिवार-रविवार पाऊस होऊन गेलेला, त्यामुळे गवतात पाय ठेवला की चप्पक असा आवाज. रांगेच्या शेपटाला एक कृष्णवर्णीय आजी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या. डोक्यावर लव्हेंडर रंगाची टोपी, त्याच रंगाचा मास्क. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं ते मराठीतून, "तुमच्या मागे मी हं." मग भानावर येऊन तेच इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "ते दिसतंच आहे, हनी."

रॉकेलच्या रांगेत, गॅसच्या रांगेत, सिव्हिलच्या केसपेपरच्या खिडकीपाशी हे वाक्य म्हणतच मी मोठी झाले. नुसतं उभं राहून भागत नाही, पुढच्याला साक्षीदार करावं लागतं. मग घरी जाऊन भात टाकून आलं तरी चालतं, जागेवर पिशवी, नाहीतर वीट. आणि कुणी मध्ये घुसलं की पुढची बाई आपल्या वतीने भांडते. इथल्या रांगेत सहा-सहा फुटांवर खुणा मारल्या होत्या, माणसं त्या खुणांवर बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखी उभी. कोणी घुसत नव्हतं, भांडत नव्हतं. सरकतही नव्हतं.

आजींच्या खुर्चीचं मात्र एक गाणं होतं. दर आठ-दहा मिनिटांनी रांग एक पाऊल पुढे जायची. मग त्या उठायच्या, खुर्ची ‘खटॅक’ मिटायची, त्या तीन पावलं चालायच्या, ‘खटॅक’ उघडायची, बसायच्या. पहिल्या तासानंतर खुर्ची उचलायचं काम मी घेतलं. दुसऱ्या तासानंतर त्या मला म्हणाल्या, "आता तू बस थोडी." मी नको नको म्हणत बसले. त्या महामारीच्या दिवसांत परक्या माणसाच्या बसून गरम झालेल्या खुर्चीवर बसणं म्हणजे काय, ते तेव्हा जगलेल्यांना सांगायला नको. सहा महिन्यांत घराबाहेरच्या कुणाच्या अंगाची ऊब मला लागली असेल तर ती एवढीच.

दहाच्या सुमाराला एक कर्मचारी रांगेतून ओरडत गेला, की पंचाहत्तरच्या पुढचं कोणी असेल, कुणाला उभं राहवत नसेल, तर थेट पुढे या. आजींचं वय त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, सत्त्याहत्तर. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "बसलेय ना मी," म्हणाल्या. तो माणूस पुढे गेला. मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, की त्यांचं बालपण खाली दक्षिण जॉर्जियात गेलं. त्या शाळेत असताना त्यांची आई मतदार यादीत नाव घालायला कोर्टात गेली. कारकून जेवायला गेलाय, असं सांगितलं. पुन्हा गेली, तेव्हाही जेवायलाच गेलेला. "तो माणूस बहुतेक चार वर्षं जेवत होता," असं म्हणून त्या अशा काही खदखदून हसल्या की पुढच्या खुणेवरचा माणूस वळून बघायला लागला.

साहेब जेवायला गेलेत हे उत्तर आपल्यालाही तोंडपाठ आहे. पण आपल्याला ते सगळ्यांना मिळतं.

त्याच जुलैमध्ये जॉन लुइस गेले होते. अटलांटाचे खासदार, ७ मार्च १९६५ ला कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी काढलेल्या मोर्चात, अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या काठीने ज्यांची कवटी फुटली ते. त्या मोर्चानंतर पाच महिन्यांत मतदान हक्काचा कायदा झाला. म्हणजे हा कायदा झाला तेव्हा या आजी बावीस वर्षांच्या होत्या, आणि माझी मिरजेची आजी तोवर तीन लोकसभा निवडणुकांत मत देऊन मोकळी झाली होती. हे माझ्या डोक्यात आलं आणि मला उगीचच ऐट वाटली. मग त्या ऐटीची लाज वाटली. पण आधी ऐटच वाटली, हे खरं.

आमची आजी त्याला मत देणं म्हणायचीच नाही. ‘शिक्का मारायला जायचंय’ म्हणायची. आदल्या रात्री ती कॅलेंडरचं जुनं पान घेऊन घडीचा सराव करायची. आधी उभी घडी, मग आडवी. उलट केलं तर ओल्या शिक्क्याची शाई दुसऱ्या चिन्हावर उमटेल आणि आपलं मत बाद होईल, ही तिची धास्ती. अण्णा तिला दर वेळी समजवायचे, की तो फुलीचा शिक्का मुद्दाम तसा बनवलाय, घडीतून उमटलेला ठसा उलटा पडतो आणि मोजणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. आजी ऐकून घ्यायची आणि पुन्हा घडी घालायची. "मोजणारा काय, जावई आहे माझा?"

अण्णा हायस्कुलात शिक्षक, म्हणजे प्रत्येक निवडणुकीला ड्युटी ठरलेली. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं – पेटी, लाख, मेणबत्ती, सुतळी, शिक्के, मैसूरच्या शाईची इवलीशी बाटली – आणि एसटीने जत तालुक्यातल्या कुठल्यातरी गावी जाऊन शाळेत बाकं जोडून झोपायचं. दुसऱ्या दिवशी मध्यरात्र उलटून गेल्यावर ते यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला जळक्या लाखेचा वास यायचा. सुरुवातीची काही वर्षं शाई लावायचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हा त्यांचीच बोटं पंधरा दिवस काळी, आणि त्यांनी स्वतः मत दिलेलं असेलच असं नाही. ड्युटीवाल्यांना टपाली मतपत्रिका असायची, पण ती मिळवायची धावपळ त्यांना दर वेळी जमायची नाही. मतदानाच्या रांगेत उभं राहिलेले अण्णा मी लहानपणी कधी पाहिलेच नाहीत. त्यांना रांग दिसायची ती टेबलापलीकडून.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडायची. वेळ संपली की केंद्राध्यक्षाने उठून रांगेत उभ्या असलेल्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या, पण पुढून नाही, शेपटाकडून. सगळ्यात शेवटच्या माणसाला एक नंबर. "उलटं का?" मी विचारलं होतं. "पुढून वाटत गेलो तर मी मागे पोचेपर्यंत शेपूट वाढलेलं असतं," अण्णा म्हणाले. एकदा म्हणे एक नंबरची चिठ्ठी एका मेंढपाळाला मिळाली. पहिला नंबर मिळाला म्हणून तो खुशीत तडक आत शिरायला निघाला, त्याला आवरता आवरता नाकी नऊ आले.

नोव्हेंबर १९८९ मध्ये मी पहिल्यांदा शिक्का मारला. मतदानाचं वय एकवीसचं अठरा झालं होतं आणि त्यानंतरची ती पहिली लोकसभा, म्हणजे आमची अठरा-एकोणिशीची तुकडी अगदी नवी कोरी. बायकांची रांग वेगळी. पुढे आजी नऊवारीत, मध्ये मी, मागे आई. अण्णा अर्थातच कुठल्यातरी दुसऱ्या गावात. आत गेल्यावर यादीवाल्याने अनुक्रमांक आणि माझं पूर्ण नाव खड्या आवाजात वाचलं – माझं, अण्णांचं, आडनाव. बाकावरच्या एजंटांनी आपापल्या यादीत पेन्सिलीने रेघ ओढली. त्यातला एक मान वर करून म्हणाला, "गुरुजींची थोरली ना? झाली का अठराची?" माझं स्वागत झालं ते एवढंच. टाळी नाही, पण नाव मात्र सगळ्या वर्गखोलीला ऐकू गेलं होतं.

साडेअकराला पिझ्झा आला. कुठल्याशा संस्थेची तरुण पोरं खोकी घेऊन रांगेभर फिरत होती, पाण्याच्या बाटल्या वाटत होती, मत कुणाला ते विचारत नव्हती. आजींनी दोन बाटल्या घेतल्या, एक माझ्या पिशवीत कोंबली. वारीच्या वाटेवर जसं कुणी राजगिऱ्याचा लाडू हातात ठेवतं आणि आपण जात-गोत न विचारता तोंडात टाकतो, तसं ते होतं. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्याने कायदा केला की मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत मतदाराला खाणं-पाणी देणं हा गुन्हा. आमिष दाखवलं जातं म्हणे. आपल्याकडे मटणाच्या पंगती आणि पाकिटं बघितलेल्या माणसाला ही भीती अगदीच कळत नाही असं नाही. पण सहा तास माणसाला उन्हात उभं करायचं आणि मग पाण्याच्या बाटलीकडे संशयाने बघायचं, हे मला पटलेलं नाही. रांग लहान करा की आधी.

खरं तर त्या दिवशी तिथे उभं राहायची गरज नव्हती. दहा दिवसांनी त्याच केंद्रावर माझा नवरा पंधरा मिनिटांत मोकळा झाला आणि घरी येऊन मला चिडवत बसला. तरी पहिल्याच दिवशी एवढी माणसं का लोटली? त्या दिवशी राज्यात काही ठिकाणी लोक आठ-आठ, दहा-दहा तास उभे होते. उत्साह म्हणावा, तर चेहऱ्यांवर उत्साह दिसत नव्हता. आज दिलं नाही तर उद्या काहीतरी होईल, पोस्टात हरवेल, आपल्याला कोरोना होईल, यादीतून नाव जाईल, अशी भीती प्रत्येकाची वेगळी. माझी कोणती होती ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण बहुतेक ती नावाशी जोडलेली होती.

२०१९ मध्ये मी शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट परत केला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आलं. त्याने मिरजेला जाता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. त्या ऑक्टोबरात विधानसभेच्या वेळी भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, तुझं नाव अजून आहे यादीत. ये, शिक्का मारून जा." आता शिक्काही नव्हता, बटण होतं, पण घरात शब्द आजीचाच चालतो. आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत. नाव राहू देणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. उद्या कुणी तिच्या नावावर मत टाकलं तर? पुढच्या जानेवारीत त्यांनी सात नंबरचा अर्ज आणला, नाव वगळायचा. भरताना मला फोन लावला. "कारण विचारलंय," म्हणाले, आणि चष्मा सावरत एकेक वाचत गेले. मृत्यू. वय कमी. कायमचे स्थलांतर. दोनदा नोंद. भारताचा नागरिक नाही.

मी गप्प. तेही गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली.

"स्थलांतर लिहितो," अण्णा म्हणाले. "खोटं नाही ते."

तीस-पस्तीस वर्षं सरकारी फॉर्ममधली एक रेघ इकडची तिकडे न करणारा माणूस. त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं, की टिक त्याच्या दोन ओळी खाली पडायला हवी होती. मी दुरुस्त केलं नाही. "बरं," म्हणाले आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

दोनच्या जरा आधी आम्ही दारातून आत गेलो. आत एसीचा गारठा, रबरी फरशीचा वास, सॅनिटायझर. आजी माझ्या पुढे. मास्कआडून त्यांना मी रांगेत सगळं सांगून टाकलं होतं – मिरज, आजीची घडी, मेंढपाळ, आणि आज माझी इथली पहिली वेळ, हेही. त्यांनी तेव्हा माझ्या कोपराला हात लावून म्हटलं होतं, "मग आज मोठा दिवस." त्यांचं टेबल माझ्या शेजारीच आलं. म्हणून मी ‘नाही’ म्हणाले तेव्हा त्यांनी मान वळवली. टोपीखालून एकदा माझ्याकडे नीट बघितलं. आणि परत आपल्या सहीकडे वळल्या.

हिरवट प्लॅस्टिकचं कार्ड मिळालं, पडद्यावर बोट टेकवून नावं निवडली, यंत्रातून लांब कागद निघाला. तो हातात आला तेव्हा माझी बोटं आपोआप त्याची उभी घडी घालायला लागली. मशीनपाशी उभा असलेला माणूस घाईने म्हणाला, "नको, नको, दुमडू नका, सरळच घाला." कागद मशीनने ओढून घेतला. शाई नाही, काही नाही. हातात एक स्टिकर ठेवला, त्यावर पीचचं चित्र.

आजी दाराबाहेर खुर्ची मिटून उभ्या होत्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, की खरं म्हणजे मी याआधी तिकडे सात-आठदा मत दिलंय, त्यामुळे तसं बघितलं तर. त्यांनी काही विचारलंच नाही. "गाडीपर्यंत नेशील का ही?" एवढंच म्हणाल्या. मी खुर्ची खांद्याला अडकवली. गाडी पार लांब, टेनिस कोर्टापलीकडे. रांगेच्या उलट दिशेने चालत गेलो. शेपूट सकाळी होतं त्याच झाडीत होतं, माणसं तेवढी नवी.

रात्री नऊला मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मंगळवारची सकाळ, अण्णांचा पहिला चहा. "किती तास?" त्यांनी विचारलं. सांगितलं. "कागद निघतो ना? मोजताना एजंट बसतात ना?" निघतो, बसतात. (नोव्हेंबरात या राज्याचा निकाल अवघ्या बारा-चौदा हजार मतांनी लागला आणि ते सगळे कागद हातांनी पुन्हा मोजले गेले, तेव्हा मोजणीची टेबलं लागलेले फोटो मी त्यांना पाठवले. त्यांनी ते मोठे करकरून बघितले आणि कळवलं, ‘गठ्ठे बरे बांधलेत.’) मग म्हणाले, "बोट दाखव." मी डाव्या हाताचं बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. कोरं. "काहीच नाही?" त्यांना ते फारच चुकल्यासारखं वाटलं. मग मी कुडत्यावरचा स्टिकर दाखवला. तेवढ्यात आई मागून डोकावली. अधिक महिना चालू होता, तिच्या हाताला अनारशांची पिठी लागलेली.

"अधिकातलं दान केलंस, बरं झालं," ती म्हणाली. आणि मग पडद्याजवळ येऊन, "आंबा आहे का गं तो?"

"पीच आहे."

"असू दे," आई म्हणाली. "आंबाच दिसतोय."